सिरियल कन्सोलवरचा शेल आणि जॉब कंट्रोल: प्रकल्प नोंदी

काम असं आहे: बिझीबॉक्सवर (मूलभूत कमांड एकाच प्रोग्रॅममध्ये देणारा छोटा संच) उभारलेली छोटी लिनक्स इमेज, सिरियल पोर्टवर ११५२०० बॉडने मिळणारा शेल, बोर्डवर चाचण्या चालवणाऱ्या स्क्रिप्ट आणि इमेज बांधणारा बिल्ड सर्व्हर. तक्रारी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या शब्दांत येतात. कुठे कंट्रोल-सी लागत नाही, कुठे बॅकग्राउंडला टाकलेलं काम आपोआप थांबतं, कुठे शेल उघडताक्षणी जॉब कंट्रोल (कामं थांबवणं, मागे-पुढे करणं) नसल्याचं सांगतो. सेटिंगला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असं ठरलं आहे: प्रोसेस कोणत्या सेशनमध्ये (प्रोसेस ग्रुपांचा संच) आहे, त्या सेशनला कंट्रोलिंग टर्मिनल (सेशनच्या ताब्यातलं टर्मिनल) आहे का, आणि त्या टर्मिनलचा फोरग्राउंड ग्रुप (टर्मिनल ज्या प्रोसेस ग्रुपच्या हाती आहे तो) या घडीला कोणता.

४ मार्च २०२५: बोर्डवरचा पहिला शेल

बूट संपल्यावर हा संदेश येतो (टीटीवाय म्हणजे टर्मिनल):

/बिन/एसएच: कान्ट ॲक्सेस टीटीवाय, जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ

प्रॉम्प्ट मिळतो, कमांड चालतात, म्हणून बरेच जण या ओळीकडे दुर्लक्ष करतात. पण पिंग सुरू केला की कंट्रोल-सी स्क्रीनवर नुसतं उमटतं आणि पिंग चालूच राहतो. शेवटी बोर्ड रिसेट करावा लागतो.

बिझीबॉक्सच्या पीएसमध्ये फोरग्राउंड ग्रुपचा रकाना मिळत नाही, म्हणून थेट प्रॉकमधून (कर्नल जिथे प्रोसेसची माहिती दाखवतो ती डिरेक्टरी) वाचलं:

कॅट /प्रॉक/$$/स्टॅट

सुरुवातीचे आकडे असे आले: ८७ (एसएच) एस १ ८७ ८७ ० -१. क्रमाने वाचायचं तर पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), नाव, अवस्था, पालक, प्रोसेस ग्रुप, सेशन, टर्मिनलचा क्रमांक, टर्मिनलचा फोरग्राउंड ग्रुप. शेल स्वतःच्या सेशनचा म्होरक्या आहे, पण सातव्या जागी ० आणि आठव्या जागी -१, म्हणजे सेशनला टर्मिनलच नाही. मोजताना एक सांभाळायचं: प्रोसेसच्या नावात मोकळी जागा असेल तर रकाने सरकतात, त्यामुळे बंद कंसापासून पुढे मोजणं खात्रीचं.

कंट्रोल-सी का लागत नाही याचं उत्तर इथेच आहे. ती कळ शेलपर्यंत जातच नाही. कर्नलमधली लाइन डिसिप्लिन ती पकडते आणि त्या टर्मिनलच्या फोरग्राउंड ग्रुपला सिगइंट (काम थांबवण्याचा सिग्नल) पाठवते. टर्मिनल कोणत्याच सेशनचं नसेल तर सिग्नल पाठवायला ग्रुपच नसतो. कळ उमटते, कारण एको वेगळं काम आहे. सिग्नल मात्र कुणालाच जात नाही.

कारण इनिटटॅबमध्ये, म्हणजे पहिली प्रोसेस इनिट वाचते त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सापडलं. तिथे शेल टर्मिनलचं नाव न देता सुरू केलेला होता:

::रिस्पॉन:/बिन/एसएच

नाव नसेल तर बिझीबॉक्सचा इनिट /डेव्ह/कन्सोल उघडून देतो. एरवी लिनक्सवर, सेशनचा म्होरक्या असलेल्या आणि टर्मिनल नसलेल्या प्रोसेसने एखादं टीटीवाय उघडलं की ते आपोआप तिचं कंट्रोलिंग टर्मिनल होतं. /डेव्ह/कन्सोल, म्हणजे मेजर ५ मायनर १ (कर्नलचे उपकरण-क्रमांक), कर्नलने या नियमातून मुद्दाम वगळलेलं आहे. वाचता येतं, लिहिता येतं, पण नुसतं उघडून कंट्रोलिंग टर्मिनल मिळत नाही.

दुरुस्ती, लॉगिनसकट (गेटी हा लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम):

टीटीवायएस०::रिस्पॉन:/एसबिन/गेटी -एल ११५२०० टीटीवायएस० व्हीटी१००

विकासाच्या काळात लॉगिन नको असेल तर:

टीटीवायएस०::आस्कफर्स्ट:-/बिन/एसएच

दुसऱ्या ओळीत शेलच्या आधीचा डॅश शोभेचा नाही. बिझीबॉक्स बांधताना इनिटचा कंट्रोलिंग टीटीवायचा पर्याय चालू असेल, तर डॅशने सुरू होणाऱ्या कमांडसाठी इनिट स्वतः त्या टर्मिनलवर टीआयओसीएससीटीटीवाय हा आयऑक्टल (उपकरणाला दिलेला आदेश) मारतो. गेटीच्या ओळीतला -एल कॅपिटल आहे. तीन तारांच्या सिरियल केबलमध्ये कॅरिअर डिटेक्टची तार नसते, आणि तिची वाट बघू नको असं तो पर्याय सांगतो.

बदलानंतर सातव्या जागी १०८८ आणि आठव्या जागी ८७. १०८८ म्हणजे ४ गुणिले २५६ अधिक ६४, म्हणजेच मेजर ४, मायनर ६४, म्हणजेच टीटीवायएस०. पिंग पहिल्या कंट्रोल-सीला थांबला.

दुसऱ्या बोर्डवर हीच इनिटटॅब जशीच्या तशी नेली तर गेटी पुन्हा पुन्हा मरतो, कारण तिथे सिरियल पोर्टचं नाव टीटीवायएएमए० असू शकतं. नाव अंदाजाने लिहू नये. /सिस/क्लास/टीटीवाय/कन्सोल/ॲक्टिव्ह ही फाइल खरं नाव सांगते.

६ मार्च २०२५: इनिटशिवाय बूट

फाइल सिस्टिम दुरुस्त करायला कर्नलला इनिट=/बिन/एसएच दिलं की तीच तक्रार परत येते, कारण शेलसाठी सेशन आणि टर्मिनल लावून देणारं कुणीच नसतं. बिझीबॉक्समध्ये यासाठी सोय आहे:

सेटसिड सीटीटीवायहॅक एसएच

सेटसिड नवं सेशन काढतो. सीटीटीवायहॅक कन्सोलमागचं खरं टर्मिनल शोधून उघडतो, ते सेशनला जोडतो आणि मग शेल चालवतो. सीटीटीवायहॅक इमेजमध्ये नसेल तर हाताने:

सेटसिड एसएच -सी 'एक्सेक एसएच </डेव्ह/टीटीवायएस० >/डेव्ह/टीटीवायएस० २>&१'

या ओळीच्या सुरुवातीला एक्सेक लावायचा मोह टाळावा. सेटसिडला बोलावणारी प्रोसेस आधीच ग्रुपची म्होरकी असेल तर कर्नल सेशन काढायला नकार देतो, म्हणून सेटसिड फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) मुलाकडून काम करवून घेतो आणि स्वतः निघून जातो. निघून जाणारी प्रोसेस पीआयडी १ असेल तर 'अटेम्प्टेड टू किल इनिट' म्हणत कर्नल पॅनिक होतो. आतल्या शेलमधून बाहेर पडल्यावर परत यायला बाहेरचा शेल जिवंत असलेलाच बरा.

सेटसिडच्या या फोर्कमुळे आणखी एक गुंता होतो. जॉब कंट्रोल चालू असलेल्या शेलमधून 'सेटसिड एसएच' दिलं, की शेलने आधीच त्या कामाला स्वतंत्र ग्रुप दिलेला असतो. म्हणजे सेटसिड म्होरक्या, म्हणजे फोर्क, म्हणजे प्रॉम्प्ट लगेच परत. आता दोन शेल एकाच टर्मिनलवरून वाचतात आणि टाइप केलेली अक्षरं दोघांत वाटली जातात. युटिल-लिनक्सच्या सेटसिडला यासाठी -डब्ल्यू आहे, तो मूल संपेपर्यंत थांबतो.

७ मार्च २०२५: /डेव्ह/टीटीवाय काय सांगतं

तपासासाठी ही एकच ओळ सगळ्यात उपयोगी ठरली:

: </डेव्ह/टीटीवाय

काहीच न करणारी कमांड, फक्त फाइल उघडून बघते. काही न बोलता परतली तर कंट्रोलिंग टर्मिनल आहे. नाही तर एररच्या शब्दांवरून पुढची दिशा ठरते.

'नो सच डिव्हाइस ऑर ॲड्रेस', म्हणजे ईएनएक्सआयओ: नोड (उपकरणाची फाइल) जागेवर आहे, पण या सेशनला टर्मिनल नाही. सेशन कुणी सुरू केलं ते शोधा.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी': नोडच नाही. हाताने बनवलेल्या सीएच-रूटमध्ये (वेगळ्या रूट डिरेक्टरीत) हे नेहमीचं. एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/टीटीवाय सी ५ ० या कमांडने बनतो.

'परमिशन डिनाइड': नोडची मोड चुकलेली. ६६६ हवी, ६०० झाली की रूटला सगळं ठीक दिसतं आणि साध्या युजरचा एसएसएच पासवर्ड विचारू शकत नाही.

चौथी शक्यता विचित्र आहे. नोड नसताना एखाद्या रूट स्क्रिप्टने >/डेव्ह/टीटीवाय लिहिलं तर त्या नावाची साधी फाइल तयार होते. मग वरची ओळ गुपचूप यशस्वी होते आणि दिशाभूल करते. एलएस -एल लावून ओळीचं पहिलं अक्षर सी आहे ना, ते बघावं.

११ मार्च २०२५: बॅश, एसयू आणि फसवी टीटीवाय कमांड

बिल्ड सर्व्हरवर सर्व्हिस युजरचा शेल असा उघडला जात होता (एसयू दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवतो):

एसयू -सी बॅश बिल्डर

आणि बॅश म्हणतो:

बॅश: कॅनॉट सेट टर्मिनल प्रोसेस ग्रुप (-१): इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस
बॅश: नो जॉब कंट्रोल इन धिस शेल

इथे बहुतेक जण टीटीवाय कमांड चालवतात. उत्तर येतं /डेव्ह/पीटीएस/२, आणि टर्मिनल तर आहे, मग बॅशच बिघडलेला दिसतो, असा निष्कर्ष निघतो. पण टीटीवाय कमांड फक्त एवढंच सांगते की स्टँडर्ड इनपुटला जोडलेलं उपकरण कोणतं. ते उपकरण या सेशनच्या ताब्यात आहे का, हा प्रश्न ती विचारतच नाही. तो प्रश्न /डेव्ह/टीटीवाय उघडून विचारायचा असतो, आणि तिथे ईएनएक्सआयओ आला.

पूर्ण चित्र पीएसमध्ये दिसतं:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,एसआयडी,टीपीजीआयडी,टीटीवाय,स्टॅट,सीएमडी -पी $$

टीटीवायच्या रकान्यात प्रश्नचिन्ह, टीपीजीआयडी -१. त्याच वेळी एलएस -एल /प्रॉक/$$/एफडी मध्ये ०, १, २ हे तिन्ही /डेव्ह/पीटीएस/२ कडे बोट दाखवतात. डिस्क्रिप्टर उघडा असणं वेगळं, टर्मिनल सेशनचं असणं वेगळं. जॉब कंट्रोलला दुसरं लागतं.

एसयू हे मुद्दाम करतो. युटिल-लिनक्सचा एसयू -सी सोबत नवं सेशन काढतो, कारण रूटने कमी अधिकाराच्या युजरची कमांड आपल्याच टर्मिनलवर चालवली, तर ती कमांड टीआयओसीएसटीआय या आयऑक्टलने टर्मिनलच्या इनपुटमध्ये अक्षरं घुसवू शकते. ती संपल्यावर रूटचा शेल ती अक्षरं स्वतःची समजून चालवतो. नवं सेशन हा त्यावरचा बंदोबस्त आहे. --सेशन-कमांड हा पर्याय नवं सेशन न काढता कमांड चालवतो, म्हणजे जॉब कंट्रोल मिळतं आणि भोकही परत उघडतं. तो वापरायचा नाही असं ठरवलं. त्याऐवजी:

एसयू --पीटीवाय -सी बॅश बिल्डर

यात एसयू स्वतंत्र स्यूडो-टर्मिनल (सॉफ्टवेअरने बनवलेलं टर्मिनल, म्हणजेच पीटीवाय) काढून देतो. जॉब कंट्रोलही चालतं आणि मूळ टर्मिनलही सुरक्षित राहतं. सुडोने हीच वाट धरली आहे: १.९.१४ पासून युज_पीटीवाय मुळातच चालू असतं. कर्नल ६.२ पासून डेव्ह.टीटीवाय.लेगसी_टीआयओसीएसटीआय हे सिसकंट्रोल ० करून हा आयऑक्टल सामान्य प्रोसेससाठी बंदही करता येतो. सर्व्हरवर तेही केलं.

याच कुळातली आणखी एक तक्रार: एसयू करून दुसऱ्या युजरमध्ये गेल्यावर स्क्रीन हा प्रोग्रॅम म्हणतो, 'कॅनॉट ओपन युअर टर्मिनल'. इथे सेशन ठीक असतं. /डेव्ह/पीटीएस/२ चा मालक अजून पहिलाच युजर आहे, म्हणून नावाने उघडायला परवानगी मिळत नाही. त्या युजरने थेट एसएसएचने यावं, नाहीतर 'स्क्रिप्ट /डेव्ह/नल' ही कमांड चालवून नवं टर्मिनल घ्यावं. पीटीएसवर सीएचमॉड ६६६ करण्याचा सल्ला फिरत असतो. तसं केलं की यंत्रावरचा कोणीही त्या टर्मिनलवर टाइप होणाऱ्या कळा वाचू शकतो, पासवर्डसकट. करू नये.

१३ मार्च २०२५: चाचणीच्या स्क्रिप्ट, कंट्रोल-सी आणि मागे राहणाऱ्या प्रोसेस

तक्रार: चाचणी चालवणारी स्क्रिप्ट कंट्रोल-सीने संपते, पण तिने & लावून सुरू केलेले लॉगर बोर्डवर तसेच चालू राहतात. दुसऱ्या फेरीला पोर्ट अडलेला मिळतो.

पहिला अंदाज असा की लॉगर वेगळ्या ग्रुपमध्ये असतील. पीएसने तो खोडून काढला: स्क्रिप्ट आणि लॉगर एकाच ग्रुपमध्ये, म्हणजे सिगइंट त्यांच्यापर्यंत पोचलेलाच. मग लॉगरच्या /प्रॉक/पीआयडी/स्टेटस मधली सिगआयजीएन ही ओळ पाहिली:

सिगआयजीएन: ००००००००००००००००६

शेवटचा ६ म्हणजे २ अधिक ४, म्हणजे सिग्नल क्रमांक २ आणि ३, सिगइंट आणि सिगक्विट, दोन्ही दुर्लक्षित. हे लॉगरने केलेलं नाही, शेलने केलं आहे. पॉझिक्सचा (युनिक्स प्रणालींचं मानक) नियमच तसा आहे: जॉब कंट्रोल बंद असताना & लावलेल्या कमांडला शेल हे दोन सिग्नल दुर्लक्षित करून देतो आणि इनपुट स्पष्ट दिलेलं नसेल तर ते /डेव्ह/नलला जोडतो. स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल मुळातच बंद असतं. जुन्या काळी, ग्रुप नव्हते तेव्हा, फोरग्राउंडचं काम थांबवताना बॅकग्राउंडचं मरू नये म्हणून ही सोय होती. ती आजही लागू आहे.

आणखी मेख अशी: लॉगर स्वतः शेल स्क्रिप्ट असेल तर त्यात ट्रॅप (सिग्नल पकडणारी कमांड) लावूनही उपयोग होत नाही. आत शिरतानाच दुर्लक्षित असलेला सिग्नल, परस्परसंवादी नसलेल्या शेलला परत पकडता येत नाही. ट्रॅप एरर देत नाही, नुसता लागत नाही. यात तासन्‌तास जाऊ शकतात.

उपाय: आवराआवर पालक स्क्रिप्टने करायची, आणि सिगइंटने नाही, सिगटर्मने.

./लॉगर & पी१=$!
./मॉनिटर & पी२=$!
ट्रॅप 'किल -टर्म $पी१ $पी२; वेट; एक्झिट १३०' इंट टर्म

१३० म्हणजे १२८ अधिक २. बोलावणाऱ्या स्क्रिप्टला कंट्रोल-सी झालं हे कळावं म्हणून तो आकडा.

लॉगर स्वतःची मुलं काढत असेल तर एकट्या पीआयडीला मारून भागत नाही, पूर्ण ग्रुप लागतो. बॅशमध्ये सेट -एम लावला की प्रत्येक & ला वेगळा ग्रुप मिळतो आणि 'किल -टर्म -- -$पी१' ने तो पूर्ण आवरता येतो. बोर्डवरचा ॲश (बिझीबॉक्सचा शेल) मात्र टर्मिनलशिवाय सेट -एम नाकारतो, तोच 'कान्ट ॲक्सेस टीटीवाय' संदेश देऊन. स्वयंचलित चाचणीत टर्मिनल नसतं, म्हणून तिथे सेटसिड वापरला:

सेटसिड ./लॉगर & पी१=$!

जॉब कंट्रोल बंद असल्यामुळे इथे सेटसिड ग्रुपचा म्होरक्या नसतो, म्हणून फोर्क करत नाही, आणि $! मध्ये मिळालेला आकडा पीआयडीही असतो आणि ग्रुपचा क्रमांकही. हीच ओळ हाताने प्रॉम्प्टवर दिली तर सेटसिड फोर्क करतो आणि $! मध्ये मेलेल्या प्रोसेसचा आकडा राहतो. स्क्रिप्टमध्ये चालतं आणि हाताने चालत नाही, याचं हे कारण.

१४ मार्च २०२५: टाइमआउट

जीएनयूचा टाइमआउट स्वतःला वेगळ्या ग्रुपमध्ये हलवतो, म्हणजे वेळ संपल्यावर मुलांसकट सगळ्यांना मारता येतं. पण स्क्रिप्टमधून चालवला तर तो नवा ग्रुप फोरग्राउंडला नसतो. आतल्या कमांडने टर्मिनलवरून वाचायचा प्रयत्न केला की ती थांबते, आणि कंट्रोल-सीही तिच्यापर्यंत जात नाही. बोर्डला एसएसएच करताना पासवर्डच्या जागी 'अडकलं' म्हणून जी तक्रार होती ती हीच. टाइमआउट --फोरग्राउंड ३० दिलं की ग्रुप बदलत नाही. त्याची किंमत अशी की वेळ संपल्यावर नातवंड प्रोसेस मारल्या जात नाहीत. वाचणारी कमांड असेल तिथेच हा पर्याय लावला.

१८ मार्च २०२५: 'स्टॉप्ड (टीटीवाय इनपुट)'

बिल्ड सर्व्हरवर 'एसएसएच बोर्ड मेक टेस्ट &' दिलं की थोड्या वेळाने जॉब्ज मध्ये हे दिसतं:

[१]+ स्टॉप्ड (टीटीवाय इनपुट)

बॅकग्राउंड ग्रुपमधली प्रोसेस टर्मिनलवरून वाचू लागली की कर्नल त्या पूर्ण ग्रुपला सिगटीटीइन, क्रमांक २१, पाठवतो. एसएसएच आपलं इनपुट पलीकडे पोचवायला सतत वाचत असतो, मग पलीकडच्या कमांडला ते हवं असो वा नसो. एसएसएच -एन दिलं की इनपुट /डेव्ह/नल होतं आणि काम थांबत नाही. पासवर्ड विचारायचा असेल तर -एफ, तो पासवर्ड घेऊन मगच मागे जातो.

-एन दुसऱ्याही एका जागी लागतो. यादीतल्या प्रत्येक बोर्डवर कमांड चालवणारं 'व्हाइल रीड' लूप पहिल्या बोर्डनंतर गप्प संपतं, कारण लूपला दिलेली यादी आतला एसएसएचच वाचून संपवतो. एरर नाही, थांबणं नाही, फक्त बाकीचे बोर्ड राहून जातात.

लिहिण्याबाबत नियम जरा सैल आहे. बॅकग्राउंडमधून टर्मिनलवर लिहिणं एरवी चालतं. एसटीटीवाय टॉस्टॉप लावलेलं असेल तरच सिगटीटीओयू, क्रमांक २२, येतो. पण टर्मिनलची सेटिंग बदलू पाहणारी कमांड, म्हणजे एसटीटीवाय -एको सारखी, टॉस्टॉप नसतानाही थांबते. 'स्टॉप्ड (टीटीवाय आउटपुट)' दिसलं आणि टॉस्टॉप बंद आहे, तर सेटिंग बदलणारी कमांड शोधायची.

आमच्या एका स्क्रिप्टमध्ये त्या ओळीआधी [ -टी ० ] अशी तपासणी होती, तरी ती थांबत होती. साहजिक आहे: बॅकग्राउंडला टाकलं तरी इनपुट टर्मिनलच असतं, त्यामुळे तपासणी पास होते. आपण फोरग्राउंडला आहोत का, हे विचारायला हवं:

सेट -- $(पीएस -ओ पीजीआयडी=,टीपीजीआयडी= -पी $$)
[ "$१" = "$२" ] && एसटीटीवाय -एको

दोन्ही आकडे जुळले तर आपला ग्रुप फोरग्राउंडला आहे. पीएसच्या स्टॅट रकान्यातलं + चिन्हही हेच सांगतं.

२० मार्च २०२५: कंटेनर

डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचे -आय आणि -टी जोडीने टाइप करायची सवय सगळ्यांना आहे, पण ते वेगळे आहेत. -आय इनपुट उघडं ठेवतो. -टी कंटेनरमध्ये स्यूडो-टर्मिनल काढतो. नुसत्या -आय वर बॅश चालतो, प्रॉम्प्ट दिसत नाही, जॉब कंट्रोल नसतं. उलट स्वयंचलित बिल्डमध्ये -टी ठेवला तर 'द इनपुट डिव्हाइस इज नॉट अ टीटीवाय' म्हणून पहिल्याच पायरीला बिल्ड पडतं. स्क्रिप्टमध्ये ० आणि १ दोन्ही टर्मिनल असतील तेव्हाच -टी जोडायचा असं केलं.

-टी नको तिथे लावल्याचा खरा उपद्रव मात्र शांतपणे होतो. टर्मिनलमधून जाताना प्रत्येक न्यूलाइनआधी कॅरेज रिटर्न घातलं जातं, हे ओएनएलसीआर या सेटिंगचं काम, आणि स्टँडर्ड एररही आउटपुटमध्येच मिसळतं. कंटेनरमधून टार आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर फाइल खराब होते आणि ते उलगडतानाच कळतं. एसएसएच -टी ने हेच होतं.

कंटेनरमध्ये कंट्रोल-सी लागत नसेल आणि टर्मिनल, ग्रुप सगळं बरोबर दिसत असेल, तर कमांडचा पीआयडी बघावा. १ असेल तर कर्नल त्याला सिगइंटचं डीफॉल्ट वागणं लावत नाही. प्रोग्रॅमने स्वतः हँडलर बसवला नसेल तर सिग्नल टाकून दिला जातो. --इनिट दिलं की छोटा इनिट पीआयडी १ होतो, आपली कमांड त्याचं मूल होते आणि प्रश्न मिटतो.

आणि कंट्रोल-पी दोनदा दाबावं लागतं, कारण कंट्रोल-पी कंट्रोल-क्यू ही डॉकरची अलग होण्याची जोडी आहे. --डिटॅच-कीज ने बदलता येते.

२१ मार्च २०२५: पीटीवाय मिळत नाही

बोर्डवर एसएसएचने 'एसएसएच बोर्ड अपटाइम' चालतं, पण नुसतं 'एसएसएच बोर्ड' दिलं की 'पीटीवाय ॲलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल ०'. एक चालतं आणि दुसरं नाही, यावरूनच जोडणी, किल्ल्या, युजर यांपैकी काही तपासायची गरज उरत नाही. पहिल्याला स्यूडो-टर्मिनल लागत नाही, दुसऱ्याला लागतं.

इमेजमध्ये डेव्हपीटीएस (स्यूडो-टर्मिनलांची फाइल सिस्टिम) माउंट केलेलं नव्हतं. एफएसटॅबमध्ये ओळ घातली:

डेव्हपीटीएस /डेव्ह/पीटीएस डेव्हपीटीएस जीआयडी=५,मोड=६२०,पीटीएमएक्समोड=६६६ ० ०

माउंटआधी /डेव्ह/पीटीएस ही डिरेक्टरी असावी लागते. /डेव्ह वर डेव्हटीएमपीएफएस चढत असेल तर इमेज बांधताना बनवलेली डिरेक्टरी झाकली जाते, म्हणून इनिटच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये आधी एमकेडिर -पी, मग माउंट. जीआयडी ५ हा टीटीवाय ग्रुप. त्या क्रमांकाचा ग्रुप इमेजच्या ग्रुप फाइलमध्ये असल्याची खात्री केली.

सर्व्हरवर हीच तक्रार आली तर आधी /प्रॉक/सिस/कर्नल/पीटीवाय/एनआर आणि त्याच्या शेजारचं मॅक्स बघावं. मॅक्स सहसा ४०९६ असतं. एनआर त्याच्या जवळ गेलं असेल तर कुणीतरी टर्मिनलं काढून बंद करत नाही.

२५ मार्च २०२५: बिघडलेलं टर्मिनल

व्हीआय ला किल -९ मारल्यावर शेलमध्ये टाइप केलेलं दिसत नाही आणि एंटर दाबलं तरी कमांड चालत नाही. व्हीआय ने टर्मिनल रॉ मोडमध्ये नेलं होतं आणि परत आणायची संधी त्याला मिळाली नाही. कंट्रोल-जे, मग एसटीटीवाय सेन, मग पुन्हा कंट्रोल-जे. एंटर इथे चालत नाही, कारण ती कळ कॅरेज रिटर्न पाठवते आणि त्याचं न्यूलाइन करणारं आयसीआरएनएल बंद पडलेलं असतं. कंट्रोल-जे थेट न्यूलाइनच आहे. टाइप करणंच अशक्य असेल तर दुसऱ्या टर्मिनलवरून एसटीटीवाय -एफ /डेव्ह/पीटीएस/३ सेन. यातला -एफ कॅपिटल.

पूर्ण गोठलेलं टर्मिनल दिसलं तर आधी कंट्रोल-क्यू. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं असेल तर एवढ्यानेच सुटतं. एसटीटीवाय -आयएक्सऑन ने ही कळच बंद करता येते. सिरियल लाइनवर सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल वापरत असाल तर करू नये.

सिरियलवर व्हीआय स्क्रीनच्या एका कोपऱ्यातच चालत असेल तर एसटीटीवाय साइझ बघा. ० ० येईल, कारण सिरियल तारेतून खिडकीचा आकार पोचत नाही. एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १२०, किंवा बिझीबॉक्सचं रिसाइझ.

२७ मार्च २०२५: जोडणी तुटली की चाचणी मरते

लांब चालणारी चाचणी & लावून सोडली आणि एसएसएच तुटलं तर चाचणी कधी मरते, कधी राहते. हे नशिबावर नाही. टर्मिनल नाहीसं झालं की कर्नल सेशनच्या म्होरक्याला, म्हणजे शेलला, सिगहप (टर्मिनल गेल्याचा सिग्नल) देतो, आणि परस्परसंवादी बॅश तो आपल्या सर्व जॉब्जना पुढे पाठवतो. त्यामुळे जोडणी तुटली की काम मरतं. पण एक्झिट देऊन नीट बाहेर पडलं तर बॅश सिगहप पाठवत नाही, हपऑनएक्झिट लावलेलं असल्याशिवाय. एकाच कमांडचे दोन निकाल येतात ते यामुळे.

कंट्रोल-झेडने थांबवलेलं काम असेल तर गोष्ट निराळी. शेल गेला की तो ग्रुप अनाथ होतो, त्याला चालू करणारं कुणी उरत नाही, म्हणून कर्नल त्याला सिगहप आणि लगोलग सिगकंट (पुन्हा चालू होण्याचा सिग्नल) पाठवतो. अनाथ ग्रुपमधल्या प्रोसेसने टर्मिनलवरून वाचायचा प्रयत्न केला तर सिगटीटीइन येत नाही, वाचनच ईआयओ देऊन फसतं. लॉगमध्ये सापडणारी 'इनपुट/आउटपुट एरर' डिस्कची असेल असं धरून डिस्क तपासायला निघू नये.

आधीच सुरू झालेल्या कामासाठी डिसओन -एच. नव्यासाठी:

सेटसिड नोहप ./लांब-चाचणी </डेव्ह/नल >चाचणी.लॉग २>&१ &

तिन्ही डिस्क्रिप्टर वळवणं आवश्यक आहे. एक जरी टर्मिनलकडे राहिला तर बाहेर पडताना एसएसएच सर्व्हर तो बंद व्हायची वाट बघत बसू शकतो आणि प्रॉम्प्ट परत मिळत नाही. ज्या चाचणीशी मधूनच बोलावं लागतं तिच्यासाठी टीमक्स (जोडणी तुटली तरी टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम).

सिस्टिमडी असलेल्या सर्व्हरवर हे सगळं करूनही लॉगआउटबरोबर काम मरत असेल तर लॉगइनडी.कॉन्फ मधलं किलयुजरप्रोसेसेस बघावं. ते येस असेल तर सेशनच्या सीग्रुपमधल्या (कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रोसेसचा गट) सगळ्या प्रोसेस मारल्या जातात, आणि सेटसिडने सीग्रुप बदलत नाही. तिथे लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर देऊन काम सिस्टिमडी-रन --युजर ने चालवायचं. बिल्ड सर्व्हरवर रात्रीच्या चाचण्या आता अशाच चालतात. बोर्डवर सिस्टिमडी नाही, तिथे वरची सेटसिडची ओळ कायम ठेवली आहे.